आत्याचं पान

आमच्या गॅलरीतल्या कुंड्यांना झाडांची नावं नाहीत, माणसांची आहेत. गवती चहा म्हणजे 'खालच्या काकू'. कढीपत्ता म्हणजे 'डोंबिवली', कारण तो मामेबहिणीने दिला. मनीप्लांटला आम्ही सरळ 'चोरी' म्हणतो. चोरून आणला तरच तो वाढतो म्हणे, म्हणून आईने एका लग्नाच्या हॉलमधून पर्समध्ये घालून आणलेला. आयुष्यात कुणाचा चमचा उचलला नाही त्या बाईने!

कोपऱ्यातलं ब्रह्मकमळ म्हणजे 'आत्या'. २०११ च्या जूनमध्ये सांगलीहून एसटीने येताना तिने ओल्या फडक्यात गुंडाळून एक पान आणलं. मुळं नाहीत, फांदी नाही, नुसतं पान. "कडेला खाच दिसते ना, तिथनं फुटंल. पाणी जास्त घालू नको, कुजंल."

खरं तर ते पानही नाही, चपटं झालेलं खोड आहे. हा गडी निवडुंगाच्या कुळातला, मूळचा मेक्सिकोकडचा. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. हे सगळं मी आत्याला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. ती म्हणाली, "असू दे की. त्याला कुठं माहितीये?"

तीन पावसाळे नुसतीच पानं. जागा अडवतंय म्हणून मी ते टाकायलाच निघाले होते. चौथ्या वर्षी एका खाचेतून कळी लोंबायला लागली. देठ लांबत गेला, मग हुकासारखा वळला आणि कळीने तोंड वर केलं. फुगली की समजायचं, आज रात्री. मजल्यावर निरोप गेले. साडेनवाला टोक सैल झालं, चटया पसरल्या, चहा झाला. अकराच्या सुमाराला फूल तळहाताएवढं उमललं, आणि वास पार जिन्यापर्यंत. कुणीतरी हळदकुंकू वाहिलं, बाकीच्यांनी फोटो काढले. सकाळी तेच फूल पिळून टाकलेल्या रुमालासारखं लोंबत होतं.

त्यानंतर दर पावसाळ्यात आत्याचा फोन. 'कशी आहेस' वगैरे काही नाही, थेट "किती?" मी कळ्यांचा आकडा सांगायचे. तिच्याकडे नेहमी माझ्यापेक्षा दोन तरी जास्तच असायच्या. मला ते कधीच पूर्ण खरं वाटलं नाही.

आत्या जाऊन तीन वर्षं झाली. तिचं घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली, त्या गडबडीत तिचं झाड गेलं. परवा आतेभाऊ आला होता. निघताना चप्पल घालता घालता म्हणाला, "एक पान देतेस?"

मी चांगलं जाड बघून कापलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं. "कडेला खाच आहे बघ, तिथून फुटेल. आणि पाणी जास्त..."

"माहितीये," तो म्हणाला. "कुजंल."