मुरगाब ते काराकुल
ताजिकिस्तानातील मुरगाब येथे मोटारसायकलमध्ये बादलीने मापून दिलेले पेट्रोल भरून सकाळी निघालो. पुढे 4,655 मीटर उंचीच्या अक-बैताल खिंडीच्या आसपास पामीर महामार्गाचे डांबर नावापुरतेच उरते आणि खडीवर अशा आडव्या वळ्या पडलेल्या असतात की हळू गेल्यास मनगटांपासून दातांपर्यंत सारे खिळखिळे होते, तर वेग वाढवल्यास पुढचे चाक ऐकेनासे होते. मी दातांचा त्रास पत्करला. विरळ हवेत कार्ब्युरेटरची गाडी चढावर धापा टाकत होती (स्वारही). उजवीकडे चीनच्या सीमेचे तारेचे कुंपण बराच वेळ सोबतीला होते. काराकुल गावात एका किर्गिझ घरी याकच्या दुधाचे दही आणि नान मिळाले. उद्या किझिल-आर्त खिंडीतून किर्गिझस्तान.