एस्केप कळीचा दीड सेकंद : नोंद दुसरी

मागच्या नोंदीत तक्रार मांडली होती, ती अशी : टीमक्समध्ये (टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीतली सत्रे मागे चालू ठेवणारा प्रोग्रॅम) व्हिम हे मजकूर लिहिण्याचे साधन उघडून इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे लिहिण्याच्या अवस्थेत, एस्केप दाबले, की खालच्या ओळीतली 'इन्सर्ट' ही पाटी रेंगाळत राहते, आणि एस्केपपाठोपाठ मोठा ओ झटकन दाबला, की वरची नवी ओळ उघडायला व्हिम काही काळ अडून बसते. या वेळी फोनवर सेकंदाला 60 फ्रेमने चित्रण करून ती पाटी जाईपर्यंतच्या फ्रेम मोजल्या. नव्वदच्या आसपास भरल्या, म्हणजे जवळजवळ दीड सेकंद.

हा संगणकाचा संथपणा नव्हे, तर प्रतीक्षा आहे. एस्केप कळ दाबल्यावर टर्मिनलमधून 27 क्रमांकाचा एकच बाइट जातो, परंतु बाणांच्या कळींचे संकेतही त्याच बाइटने सुरू होतात. वरच्या बाणाचा एक संकेत एस्केप, ओ आणि ए असा आहे. त्यामुळे नुसता 27 हाती आल्यावर ही एस्केप कळ आहे की बाणाची सुरुवात, हे ठरवण्यासाठी पुढच्या बाइटची वाट पाहण्यावाचून प्रोग्रॅमला गत्यंतर नसते. ओ दाबल्यावरची अडचण नेमकी याच जोडीमुळे उद्भवते.

माझ्याकडे अशी वाट पाहणारे दोन जण एकामागोमाग उभे होते. 3.5 पूर्वीच्या टीमक्समध्ये 'एस्केप-टाइम', म्हणजे एस्केपनंतर थांबण्याचा काळ, मुळातच 500 मिलिसेकंद असतो. तेवढे थांबून टीमक्स तो बाइट पुढे देतो आणि मग व्हिम स्वतःचे 1000 मिलिसेकंद मोजू लागते. व्हिमसोबत येणाऱ्या मूळ सेटिंगच्या फाइलमध्ये 'टीटाइमआउटलेन' (कळींच्या संकेतांसाठी थांबण्याची मुदत) 100 केलेला असतो खरा, पण स्वतःची व्हिमआरसी, म्हणजे आपल्या सेटिंगची फाइल, केली की ती फाइल आपोआप वाचली जात नाही. मग हा पर्याय उणे एकवर, म्हणजे न ठरवलेला, राहतो आणि व्हिम 'टाइमआउटलेन' या दुसऱ्या मुदतीचा एक सेकंद वापरते. थोडक्यात, हौसेने केलेल्या माझ्याच व्हिमआरसीने हा सेकंद ओढवून घेतला होता.

पहिल्या उत्साहात दोन्ही आकडे शून्य केले. टीमक्सने मात्र दादच दिली नाही, कारण सत्रातून बाहेर पडलो तरी त्याचा सर्व्हर मागे चालूच होता आणि नवी सेटिंग त्याने वाचलेलीच नव्हती. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर एस्केप क्षणात लागू होऊ लागले. परंतु त्याच संध्याकाळी दूरच्या यंत्रावर एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून जोडून, काम करताना वरचा बाण दाबला, तर कर्सर वर जाण्याऐवजी नवी ओळ उघडून तीत ए उमटला. संकेताचे बाइट वाटेत सुटे झाले, आणि थांबायला कोणी नसल्याने तिन्ही वेगवेगळ्या कळी ठरल्या. आता टीमक्सला 10 आणि व्हिमला 50 ठेवले आहेत. पाटी पाच फ्रेमच्या आत जाते, आणि बाण दोन दिवस तरी शहाण्यासारखे वागत आहेत.

एक उपद्व्याप मात्र निस्तरायचा राहिला आहे. एस्केपऐवजी जे आणि के लागोपाठ दाबण्याचे मॅपिंग (काही कळींना दुसऱ्या कळीचे काम देणारी सेटिंग) मी बरीच वर्षे वापरतो. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळफलकात त्या कळींवर र आणि क येतात, म्हणून मराठी लिहितानाही सोय व्हावी या हेतूने 'रक' असेही मॅपिंग करून पाहिले. 'सरकार' लिहायला घेतले आणि 'स'नंतर थेट नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे आज्ञा देण्याच्या अवस्थेत, फेकलो गेलो; पुढचा काना हवेत गेला. शिवाय शब्द 'र'वर संपवून हात थांबला, की कर्सर सेकंदभर त्या अक्षरापुढे सरकत नाही, कारण मॅपिंगची प्रतीक्षा 'टाइमआउटलेन'वर चालते आणि तो मी अजून कमी केलेला नाही. 'रक' काढून टाकले आहे. मराठीत क्वचितच लागोपाठ येणारी, पण बोटांना सोयीची अशी दुसरी जोडी सध्या शोधतो आहे.