एकाचं टेंडर, अनेकांची खरेदी

इथे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, आमच्या गावाला बर्फ हटवायचा ट्रक घ्यायचा झाला, तर त्यासाठी वेगळं टेंडर काढलंच पाहिजे असं नाही. दुसऱ्या एखाद्या सरकारी संस्थेने रीतसर टेंडर काढून करार केलेला असतो. त्याच दराने, त्याच अटींवर आम्ही ऑर्डर देतो. नगरपालिकेच्या खरेदी विभागात काम करताना या पद्धतीचं मला फार कौतुक वाटत आलंय.

राज्य सरकारचे करार गावांना आणि शाळांना खुले आहेत. खरेदी 25,000 डॉलरच्या वर जाणार असेल, तर राज्याच्या करारात ती वस्तू आहे का, भाव-दर्जा कसा आहे, हे आधी बघणं कायद्यानेच बंधनकारक आहे. शिवाय इथल्याच स्टेपल्स गावात सोर्सवेल ही सार्वजनिक संस्था आहे. तिच्या करारांवर देशभरातल्या नगरपालिका अगदी अग्निशमन गाड्यासुद्धा घेतात. सभासदत्व फुकट; संस्थेचा खर्च पुरवठादारांच्या फीमधून निघतो.

हे सगळं इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या बाबांना फोनवर सांगितलं. तिथेच पीडब्ल्यूडीत जन्म गेलेला माणूस! त्यांनी लगेच विचारलं, "अगं, पण स्पर्धा खरी झाली होती की नाही, हे तू कसं तपासतेस?"

प्रश्न अगदी वर्मावरचा होता. इतर संस्थांना हा करार वापरता येईल, असं कलम मूळ टेंडरमध्येच असावं लागतं. ते नसेल तर विषय संपला. असेल तर मी पूर्ण फाइल मागवते: जाहिरात, आलेल्या बोली, गुण कसे दिले, मुदत कधी संपते. मूळ टेंडरमध्ये नसलेली वस्तू नंतर करारात घुसवली, तर तिच्यासाठी स्पर्धा झालेलीच नसते. पुरवठादाराची फी शेवटी किमतीतच येते, म्हणून जवळच्या डीलरचा भावही विचारते. तो स्वस्त निघाला तर आनंदच आहे. गावातला पैसा गावात राहतो.

बाबांच्या काळात डीजीएस अँड डी या केंद्र सरकारच्या खरेदी खात्याचे रेट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ठरलेल्या दराचे करार, असायचे. ते खातं 2017 मध्ये बंद झालं, त्याआधी 2016 मध्ये जेम हे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल आलं. पण मोठ्या रकमेच्या खरेदीसाठी तिथेही साधारणपणे ज्या त्या संस्थेने स्वतःच बोली मागवायच्या.

मला वाटतं, इंदूर महापालिका कचरागाड्यांचं टेंडर काढेल तेव्हा राऊ, सांवेर, बेटमा, देपालपूरच्या नगर परिषदांनाही तोच दर मिळेल, असं कलम त्यात असावं. चार गाड्या घेणाऱ्या परिषदेला एकटीने चांगला भाव कुठून मिळणार? तांत्रिक अटी लिहायला अनुभवी इंजिनिअर तरी हाताशी असतो का? मध्य प्रदेशच्या भांडार क्रय नियमांत, म्हणजे सरकारी खरेदीच्या नियमांत, यासाठी स्पष्ट तरतूद हवी. भोपाळला नगरविकास खात्यात आपली कितीतरी मराठी मंडळी आहेत, त्यांनी हा विषय वरपर्यंत न्यावा.