जुन्या मिक्सरची दुरुस्ती, नोंद सहावी : पिन २ की पिन ३?

मागील नोंदीत आठही चॅनेलचे कपॅसिटर बदलून झाल्याचे लिहिले होते. या आठवड्यातील तीन संध्याकाळी १९७० च्या दशकातील या अमेरिकी ऑडिओ मिक्सरच्या मागच्या बाजूच्या एक्सएलआर (मायक्रोफोनची केबल जोडण्याच्या तीन पिनांच्या) सॉकेटांवर खर्ची पडल्या.

दोन मायक्रोफोन शेजारी ठेवून दोन्ही फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) वर नेले की आवाज पोकळ होई आणि खर्ज नाहीसा होई. एकेकटा मायक्रोफोन मात्र व्यवस्थित चाले. एकाची ध्रुवता उलटी होती, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडत होते, आणि चूक माझ्याच केबलची निघाली. सेनहायझर एमडी ४२१ च्या जुन्या आवृत्तीला एक्सएलआरऐवजी आट्यांच्या कड्याने बसणारा तीन पिनांचा टुखेल कनेक्टर असतो, आणि त्यात शील्ड (तारांभोवतीचे संरक्षक आवरण) एक्सएलआरप्रमाणे पिन १ वर नसून पिन २ वर असते. त्याची केबल करताना मी मिक्सरच्या पुस्तिकेवर विसंबलो, जिच्यात पिन ३ ‘हॉट’, म्हणजे सिग्नलची धन बाजू, दाखवली आहे. दुसऱ्या मायक्रोफोनची केबल आजच्या रीतीची, म्हणजे पिन २ हॉट होती.

लॉस एंजेलिसच्या कॅनन कंपनीच्या एक्स मालिकेच्या कनेक्टरला आधी खटका (लॅच, म्हणून एल) मिळाला, नंतर आतील संपर्कांभोवती रबर (म्हणून आर) आले आणि त्यातून एक्सएलआर हे नाव बनले. आकार १९५० च्या दशकातच घडला होता. पिन २ हॉट असावी हे मात्र ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या एईएस१४ या मानकाने १९९२ मध्ये ठरवले. टुखेल निदान बसत तरी नाही, म्हणून माणूस सावध होतो. एक्सएलआर सहज बसतो आणि फसवतो.

केबल जुन्या रीतीने करत बसण्यापेक्षा मिक्सरच बदलावा, असे मी ठरवले. आठही इनपुट ट्रान्सफॉर्मरच्या पिन २ आणि ३ कडे जाणाऱ्या तारांची, तसेच दोन्ही आउटपुटच्या तारांची अदलाबदल केली आणि मागे तशी चिठ्ठी चिकटवली. टुखेलची केबलही नव्याने सोल्डर केली. आता दोन्ही मायक्रोफोन एकत्र लावल्यावर खर्ज भरून येतो.

पेटी उघडीच होती, म्हणून पिन १ ही पाहिली. ती बारीक तारेने सर्किट बोर्डच्या ग्राउंडला जोडलेली होती, त्यामुळे शील्डवरील प्रवाह थेट ऑडिओच्या वाटेत शिरत होता. ऑडिओ अभियंते नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ‘पिन १ ची समस्या’ म्हणून मांडला तो हाच दोष. प्रत्येक पिन १ सॉकेटजवळच चासीला (धातूच्या पेटीला) जोडल्यावर घुमणारा हम बराच उतरला.

पुढच्या आठवड्यात ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (केबलमधूनच मायक्रोफोनला वीज देणारा) बसवायचा आहे. त्यासाठी प्रत्येक चॅनेलला ६.८ किलोओहमचे दोन रोध लागतील, आणि जोडीतील फरक ०.४ टक्क्यांच्या आत हवा, म्हणून मल्टिमीटर घेऊन रोध निवडणे सुरू आहे. हा पुरवठा पिन २ आणि ३ वर सारखाच असल्याने वरील भांडणाशी त्याला काही देणेघेणे नाही.