वितीला दोन बोटं कमी

१३ एप्रिल, शनिवार

आज गळाचं बुच बुडालं आणि मी काठी उचलायच्या आत दोरी आडवी पळायला लागली. ब्लूगिल असा पळत नाही. तळहाताएवढा मासा, जागच्या जागी गोल गोल फिरतो, दोरी घेऊन निघून जात नाही. मग पाण्यावर एक फटका बसला आणि काठी एकदम हलकी झाली. दोरीचं टोक हातात घेऊन पाहिलं तर कात्रीनं कापल्यासारखं. वीसेक फुटांवर पाण्यात दोन टेंगळं वर आली, पुढची बारकी, मागची मोठी. नाकपुड्या आणि डोळे. बाकी सगळा खाली.

शेजारच्या म्हाताऱ्याचा एक हिशेब आहे. गेटरच्या नाकपुडीपासून डोळ्यापर्यंत जितके इंच, तितके फूट तो लांब. गेटर म्हणजे ॲलिगेटर, मगरीचा इथला भाऊबंद. ‘ॲलिगेटर’ असं पूर्ण इथं कुणी म्हणत नाही, गेटरच म्हणतात. मला इंच चटकन कळत नाहीत, अजून हातानंच मोजतो. एक डोळा मिटून हात पुढं धरला आणि अंदाज बांधला. वितीला दोन बोटं कमी. वीत नऊ इंचांची, दोन बोटं दीड इंच. म्हणजे साडेसात फूट.

खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. आनंद झाला. व्हिडिओ काढला आणि गावाकडच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत अकरा अंगठे.

आमच्या घरामागचं हे तळं म्हणजे खरं तळं नव्हेच. घरं बांधताना पावसाचं पाणी साठवायला खणलेला खड्डा. फ्लोरिडात बहुतेक नव्या वसाहतींमागं असा एक असतोच. खड्डा खणला की पाणी येतं, पाण्यामागून मासे, माशांमागून पाखरं, आणि मग एका वसंतात रस्ता ओलांडून गेटर चालत येतो. राज्यातल्या ६७ च्या ६७ काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, ते आहेत, सगळे मिळून तेराएक लाख. ‘पाणी साचलं असेल तर आत गेटर आहे असंच धर,’ हे म्हाताऱ्याचं पहिल्या दिवशीचं वाक्य.

२० एप्रिल, शनिवार

पहाटे अंधारात सर्कल बी बार रिझर्व्ह या राखीव रानात गेलो होतो. लेकलंडजवळच, लेक हँकॉकच्या काठाला. २०१७ मध्ये पायवाट ओलांडणाऱ्या अवाढव्य गेटरचा व्हिडिओ जगभर फिरला होता, तो इथलाच. आज तसा कुणी भेटला नाही, पण आवाज ऐकला. आधी वाटलं, कुणाची तरी जुनी बुलेट सुरू होत नाहीये आणि तो किका मारतोय. मग एकानं थांबवलं की दुसऱ्यानं धरलं, पलीकडून तिसऱ्यानं. एप्रिल-मे हा त्यांचा माजाचा काळ.

एक जवळच होता. डोकं आणि शेपूट पाण्याबाहेर, पाठ पाण्याच्या बरोबरीला. डरकाळी फुटायच्या अगोदर क्षणभर पाठीवरचं पाणी नाचायला लागलं. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर थेंब उडतात ना, हुबेहूब तसं. आवाज काही नाही, फक्त थेंब. तो आवाज आपल्या कानाच्या खालचा असतो, आपल्याला दिसतो पण ऐकू येत नाही. मग खरी डरकाळी आली आणि ती कानापेक्षा छातीतच जास्त कळली.

तिथंच बगळ्यांची वसाहत आहे. घरट्यांच्या हंगामात गेटर नाकावर काटक्या घेऊन झाडांखाली निश्चल पडून राहतात आणि काटकी उचलायला आलेला बगळा गट्ट करतात, अशी नोंद काही संशोधकांनी केली आहे. आपल्याकडच्या मगरीबद्दलही त्यांनी तेच लिहिलंय. सगळ्यांना ते पटलेलं नाही. मला मात्र पटवून घ्यायला आवडेल. आमिष लावून तासन् तास गप्प बसणारा, म्हणजे आपल्याच जातीचा.

२८ एप्रिल, रविवार

इथं लिहितोय कारण दुसरीकडं कुठं सांगण्यासारखं नाही.

आज तो परत आला. मी बुच टाकलं की येतो, हे आता नक्की झालं. तिसऱ्यांदा मासा तोडून नेला तेव्हा वैतागलो आणि बादलीतला एक बारका ब्लूगिल लांब डावीकडं भिरकावला. म्हटलं, घे आणि तिकडंच राहा. गेला. घेतला. पुढचा अर्धा तास निवांत मासे मिळाले. जाताना पुन्हा एक टाकला. साहेबाला चिरीमिरी दिल्यासारखं वाटलं आणि हसूही आलं.

तळ्याच्या कडेला पाटी आहे: गेटर असू शकतात, खायला घालू नका. इथं तो गुन्हा आहे. पाटीच्या खांबाला टेकूनच मी काठी ठेवतो.

५ मे, रविवार

आबांचा फोन. ग्रुपवरचा व्हिडिओ त्यांना आत्ता कुणीतरी दाखवला.

आमचं गाव कृष्णाकाठचं, भिलवडीच्या खालच्या अंगाला. नदीत सुसर असते हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. पुस्तकात ती मगर, गावात सुसरच. थंडीत मळीवर ऊन खात पडलेली दिसायची, लांबून बघितली तर वाळत टाकलेलं घोंगडं. अधूनमधून काठावरचं कुत्रं, रेडकू जायचं, कधी माणूसही. तरी नदीवर जाणं कुणी सोडलं नाही. मीही शिंगटी, मरळ धरायला दप्तर टाकून पळायचो.

आबांनी आधी विचारलं, “ही आपल्यासारखीच हाय का?”

म्हटलं, चुलत घराणं. ही काळपट, तोंड मिटलं की खालचे दात दिसत नाहीत. आपल्या मगरीचा खालचा चौथा दात मिटल्या तोंडाबाहेर दिसतो. थोबाड दोघांचंही रुंदच. मग मी, का कुणास ठाऊक, बादलीतल्या माशाचं सांगून टाकलं. कौतुकानं.

पलीकडं बराच वेळ काही नाही. मग, “तुझी आजी घागर भरायला रोज वायली जागा धरायची. आज हितं, उद्या पिंपळाखाली, परवा धोंडीपाशी. का ठावं हाय? सुसरीला आपली येळ आणि आपली जागा कळू द्यायची न्हाई. आणि तू ताट वाढून बोलावतोयस.”

मी विषय बदलला. विचारलं, उसाला पाणी चालू आहे का.

११ मे, शनिवार

तळ्यावर गेलोच नाही. म्हाताऱ्यानं टेनोरॉकला नेलं. त्यानं सगळी उमर इथल्या फॉस्फेटच्या खाणींत मोठ्या ड्रॅगलाइन यंत्रावर काढली आहे. खाणी संपल्या, खड्ड्यांत पाणी भरलं, आता तिथं लोक मासे धरतात. ज्या कंपनीची ती जमीन होती तिचं नाव कॉरोनेट. इंग्रजीत तेच उलटं लिहिलं की टेनोरॉक. हे तो दरवेळी सांगतो आणि मी दरवेळी नव्यानं ऐकल्यासारखं करतो. वर्षाचा परवाना १७ डॉलर, तोही तो दरवेळी खिशातून काढून दाखवायला लावतो.

बास जातीचे दोन मासे मिळाले, बरेसे. त्याच्या पद्धती मी मुकाट्यानं बघत होतो. मासा धरला की थेट बर्फाच्या पेटीत, झाकण बंद. दोरीत ओवून पाण्यात लोंबकळत ठेवायचा नाही. पाण्यावर फडफडणारा बेडकाचा रबरी गळ गेटर दिसला की लगेच गुंडाळायचा. काठाच्या अगदी टोकाला उकिडवं बसायचं नाही. दिवस कलला की निघायचं, कारण त्यांचा दिवस तेव्हा सुरू होतो. आणि मासे घरी जाऊन साफ करायचे.

“खायला घातलेला गेटर म्हणजे मेलेला गेटर,” तो म्हणाला. ही इथली म्हण आहे, सगळेच म्हणतात. पण म्हणताना तो पेटीच्या झाकणाकडं बघत होता, माझ्याकडं नाही. त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या तळ्याकडं उघडते.

१८ मे, शनिवार

हात अजून थरथरतोय, तरी लिहितो.

संध्याकाळी सात-साडेसात. म्हाताऱ्याचं सगळं ऐकूनही मी काठावरच फळी टाकून ब्लूगिल खवलत होतो. घरात वास येतो म्हणून. धाकटी शेजारी उभी. तिला मासे नको असतात, बादलीतलं पाणी हवं असतं. तिनं एक खडा उचलला आणि तळ्यात टाकला.

प्लॉप.

पलीकडच्या लव्हाळ्यातून पाण्यावर एक रेघ निघाली. वाकडीतिकडी नाही, सरळ. इस्त्रीची घडी पडावी तशी, आणि तिचं टोक आमच्याकडं. धाकटीनं दुसरा खडा टाकला, कारण रेघ तिला आवडली. मी काहीतरी ओरडलो. तो पुढचे दोन्ही पाय काठाच्या गवतावर टेकवून थांबला, माझ्यापासून बैलगाडीच्या लांबीवर. तोंड उघडं. आतून पिवळट पांढरं. प्रेशर कुकरची वाफ सोडल्यासारखा फुत्कार.

त्याच्या नजरेत राग-बिग काही नव्हता. बादलीकडं बघत होता. रेशनच्या रांगेत पुढं आलेला माणूस बघतो तसं.

पोरीला काखेत मारलं आणि सरळ पळालो. नागमोडी पळावं असं लोक सांगतात, ते थोतांड आहे. जमिनीवर तो फार लांब पाठलाग करत नाही, सरळ लांब जायचं. फळी, सुरी, बादली तिथंच. घराच्या दारातून मागं पाहिलं तर बादली आडवी झाली होती.

धाकटी म्हणाली, “बाबा, त्याला भूक लागली होती.”

२० मे, सोमवार

फोन मी केला. राज्याच्या वन्यजीव खात्याची उपद्रवी गेटरसाठी वेगळी हेल्पलाइन आहे. चार फुटांपेक्षा लांब असेल आणि माणसाला, पाळीव जनावराला धोका वाटत असेल तर माणूस पाठवतात. बाईंनी नीट चौकशी केली. कुठं, किती लांब, काय करतो, माणसाला बघून लांब जातो की जवळ येतो.

“तिथं कुणी खायला घालत होतं का?”

म्हटलं, माहीत नाही.

बायको समोरच भांडी पुसत होती. तिनं एक ताट दोनदा पुसलं.

लांब कुठंतरी नेऊन सोडत असतील असं मी धरून चाललो होतो. नाही. इतका मोठा नेऊन सोडला तर परतीची वाट धरतो, आणि मोकळं तळं तरी कुठं आहे, प्रत्येकात आधीचा कुणी बसलेलाच. त्यामुळं मारतात. पकडायला येणारा कंत्राटी माणूस असतो, सरकारकडून किरकोळ पैसे, बाकी कातडं आणि मांस विकून. १९६७ मध्ये हे जनावर संपायला आलं म्हणून संरक्षित यादीत घातलं होतं, वीस वर्षांत एवढं वाढलं की १९८७ मध्ये बाहेर काढलं. आकड्यांत पाहिलं तर एकानं काही फरक पडत नाही.

२५ मे, शनिवार

सकाळी आला. पन्नाशीचा, टोपी, जाड काठी, दोरीला तीन तोंडांचा मोठा गळ. मला वाटलं होतं, दिवस जाईल. त्यानं तळ्याकडं नजर टाकली, गेटर कुठं दिसत नव्हता. मग काठीचं टोक पाण्यावर दोनदा आपटलं.

प्लॉप. प्लॉप.

रेघ आली. तशीच, सरळ.

“हं,” एवढंच म्हणाला. एकदा माझ्याकडं, एकदा म्हाताऱ्याकडं बघितलं. म्हातारा कुंपणाला टेकून कॉफी पीत होता. कपातली संपली होती तरी पीत होता.

पुढचं सगळं वीस मिनिटांचं. गळ लांब पलीकडं फेकून अंगावरून ओढला, अडकला. गेटर तळाला जाऊन बसला, पुन्हा वर आला, अंगाभोवती गरगर फिरला, दमला. काठाशी आल्यावर जबड्याला वायरमनची काळी चिकटपट्टी, चार वेढे. मिटताना हाडं मोडणारा जबडा उघडताना इतका दुबळा असतो की चिकटपट्टी पुरते. पाठीवरचे खवले जवळून पाहिले. नांगरलेल्या वाफ्यासारख्या ओळी, मध्ये शेवाळ, आणि एका खाचेत माझं लाल-पांढरं बुच अडकलेलं. पहिल्या दिवशीचं की नंतरचं, सांगता येत नाही.

टेप लावली. नर. सात फूट पाच इंच. एका इंचानं चुकलो होतो.

“खायला घालत असणार कुणीतरी,” तो कागदावर लिहिता लिहिता म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला. म्हातारा घरात गेला.

८ जून, शनिवार

दोन आठवड्यांनी काठी काढली. तळ्यावर नाही, टेनोरॉकला, म्हाताऱ्याबरोबर. तो विषय त्यानं काढला नाही, मीही नाही. कॉरोनेट उलटं वाचलं की टेनोरॉक, हे मात्र सांगून झालं. ब्लूगिल नऊ, एक चिलापी. इथल्या पाण्यातही ती बाहेरून येऊन माजली आहे, कृष्णेसारखीच. कालवण होतं, पण मरळीची सर नाही.

मासे घरी सिंकमध्ये साफ केले, खिडक्या उघड्या टाकून. कचऱ्याची गाडी मंगळवारी येते, तोवर डोकी-आतडी बाहेर ठेवली तर सगळी गल्ली गोळा होईल. म्हणून पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, ओल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी. बायकोनं पिशवीवर जाड मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: ‘खोबरं नव्हे’.