आमची वाटचाल : रेघेखालचे घर

वस्त्यांचे विकास आराखडे तयार करून देणारी ही छोटी संस्था आम्ही तिघा नगररचनाकारांनी सुरू केली, तेव्हा लोकसहभागाचा आमच्या लेखी अर्थ एवढाच होता की प्रारूप आराखडा प्रसिद्ध करायचा, हरकती व सूचना मागवायच्या आणि मुदत संपल्यावर सुनावणी घ्यायची. हा क्रम नियमाला धरून होता आणि त्यात काही राहून जाते आहे, असे आम्हांला वाटत नव्हते.

पहिल्याच मोठ्या कामात आम्ही १:५००० प्रमाणाचा नकाशा सभेत भिंतीवर लावला आणि प्रस्तावित रस्त्याची मध्यरेषा ठळक दिसावी म्हणून ती १ मिलिमीटर जाडीची काढली. या प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५ मीटर, हे आम्हांला तोंडपाठ होते. तरीही त्याचा अर्थ एका गृहस्थांनी नकाशाला पट्टी लावून सांगितला, तेव्हा कळला. रेघेच्या नुसत्या जाडीखाली त्यांच्या घराची पुढची खोली गेली होती. ती सभा अर्ध्यावरच उठली, आणि चूक सर्वस्वी आमची होती.

अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आणि नुसती माहिती देणे व मत विचारणे, या तिसऱ्या-चौथ्या पायऱ्या देखाव्याच्या सहभागात घातल्या. आम्ही नेमके तिथेच उभे होतो. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून अंदाजपत्रकाचा काही भाग ठरवण्यात रहिवाशांच्या सभांना स्थान दिले, तेवढी मजल प्रत्येक कामात मारता येत नाही; मुख्य मलवाहिनीचा उतार किंवा पूररेषा बहुमताने ठरत नाही, हे आम्ही सभेत आधीच स्पष्ट सांगतो.

आता रेघ ओढण्यापूर्वी आम्ही वस्तीतून पायी फिरतो, एकदा सकाळी आणि एकदा अंधार पडल्यावर. नंतर मोठा नकाशा जमिनीवर पसरून त्यावर ट्रेसिंग पेपर अंथरतो. प्रत्येक जण आधी आपले घर शोधतो. ते सापडेपर्यंत कामाचे बोलणे होत नाही, हे आम्ही गृहीतच धरले आहे. एकदा एका आजींनी पेन्सिलने छोटेसे वर्तुळ काढून पावसाचे पाणी कुठे तुंबते ते दाखवले. आमच्या नकाशावरील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीतल्या एकेक मीटरच्या फरकाने काढलेल्या होत्या, आणि तो खोलगट भाग अर्धा मीटरही खोल नव्हता, म्हणून तो नकाशावर दिसलाच नव्हता! आम्ही तिथे इमारतींची वाढ सुचवली होती. ती जागा मोकळी ठेवली. सभेला बहुधा घरमालकच येतात, त्यामुळे भाडेकरूंना वेगळे, त्यांच्या सवडीच्या वेळी भेटावे लागते.

सुनावणीनंतर प्रत्येक सूचनेपुढे ती स्वीकारली की नाकारली, आणि का, हे लिहिलेला तक्ता आम्ही रहिवाशांना देतो. त्यातला ‘कारण’ हा रकाना भरायला सर्वाधिक वेळ लागतो, कारण तो भरता भरता कधी कधी आमचाच प्रस्ताव मागे घ्यावा लागतो.