दारापर्यंत गाडी येते

फोनवर मी तीनदा विचारलं होतं, "गाडी घरापर्यंत येते ना?" बुकिंग घेणारा मुलगा मुंबईत नोकरी करतो आणि आईवडिलांच्या कॉटेजचं सगळं तिथूनच बघतो. तिन्ही वेळा तो तितक्याच शांतपणे म्हणाला, "दारापर्यंत येते, काका." हे दार म्हणजे काय, ते कुडाळहून आणलेल्या रिक्षावाल्यानं सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, रिक्षा थांबवून दाखवलं. जांभ्याच्या गडग्यात एक बेडं. दोन उभे खांब आणि त्यांत आडवे सरकवलेले तीन वासे. पलीकडे मिट्ट काळोख आणि खाली कुठेतरी समुद्राचा आवाज. संध्याकाळचे सात वाजले होते. "ह्यांच दार," असं म्हणून तो रिक्षा वळवायला लागलासुद्धा.

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. भोगवे आणि निवतीच्या मधला हा सिंधुदुर्गातला किनारा. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मुलानं तसं सांगितलंय आणि शिवाय पुढे जे लिहिणार आहे ते त्यांच्या भाऊबंदांनी वाचलं तर नसता ताप. ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसनं निघालो होतो. मांडवीत दिवसभर काहीबाही खाणं येत राहतं आणि आपण ते घेत राहतो. त्यामुळे कुडाळला उतरलो तेव्हा पोट भरलेलं, मन प्रसन्न. पाटचं तळं मागे पडेपर्यंत बायको रिक्षातून फोटोही काढत होती. परुळ्यानंतर तिनं फोन पर्समध्ये ठेवला. सड्यावर रस्ता संपून चाकोऱ्या सुरू झाल्या तशी ती दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून बसली.

आणि आता हे बेडं. वासे सरकवून आत गेलो. मुलीनं सिंगापूरच्या ट्रिपसाठी घेतलेली चाकांची बॅग मी मोठ्या ऐटीत ओढायला सुरुवात केली. जांभा ओढून बघायचा असेल तर चाकांची बॅग घ्यावी, दगडाचं एकेक भोक हातापर्यंत कळतं. पंधरा पावलांवर घाटी सुरू झाली. घाटी म्हणजे पायऱ्या असतील अशी माझी समजूत. पायऱ्या होत्याही, पण बहुधा कुणाच्या तरी पणजोबांच्या वेळच्या. आता त्यातले निम्मे चिरे निसटलेले, मधून काजूची मुळं बाहेर आलेली. तिसऱ्या वळणावर बॅगेचं एक चाक निखळलं आणि टक्, टक्, टक् करत आमच्याआधी खाली गेलं. बायको काहीच बोलली नाही. तीस वर्षांच्या संसारात ती अशी गप्प बसते तेव्हा मी घाबरतो.

मनातल्या मनात मी मुलाला झापायचं भाषण तयार करत होतो. एकच तारा द्यायचा, तोही नाइलाजानं, हेही ठरलं होतं. तेवढ्यात खालून बॅटरीचा उजेड हलत हलत वर आला. मुलाची आई, काकी. साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट. त्यांनी माझ्या हातातून बॅग घेतली. मी नको नको म्हणतोय तोवर पदराची चुंबळ डोक्यावर, बॅग चुंबळीवर. "ह्यां काय जड नाय," म्हणत त्या चालायलाही लागल्या. बॅग अठरा किलोंची होती, निघताना मीच वजनकाट्यावर ठेवून बघितली होती. रिकाम्या हातानं त्यांच्या मागून उतरताना मी दोनदा घसरलो. भाषण कुठल्या वळणावर सांडलं ते कळलं नाही.

कॉटेज या शब्दावर फार जाऊ नका. मूळचा मांगर, म्हणजे पूर्वी गवत आणि नारळ ठेवायचा. त्याला आतून गिलावा करून दोन खोल्या काढल्यात, वर मंगलोरी कौलं. संडास बाहेर, वीस पावलांवर, माडाखाली. रात्री तिथे जाताना वरून नारळ पडेल का हा विचार मी केला, बायकोनं खाली साप असेल का हा केला. गाद्या पातळ, उशांतल्या कापसाचा दगड झालेला. पंखा तीनवर फिरतच नाही, एकदम पाचवर. फोनला रेंज नाही, ती हवी तर बेड्यापर्यंत चढायचं. पण शेणानं सारवलेल्या खळ्यात उभं राहिलं की समोर समुद्र, आणि मध्ये फक्त माडांची एक रांग. त्या रात्री दूर पाण्यात दीपगृहाचा उजेड येत-जात होता. निवतीसमोरच्या खडकांवरचं ते दीपगृह. तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, स्वतःच्या लाळेची. त्या घरट्यांचं सूप करतात म्हणून ती चोरून काढायचे लोक, हे काकांकडून कळलं.

काका पडवीत बसलेले असायचे, जागचे फारसे हलायचे नाहीत. बोलणं मोजकं.

गुरुवार होता, आणि तोही मार्गशीर्षातला. काकींनी केलेलं बांगड्याचं तिखलं, तिरफळांचा तो वास, आणि आमची ही समोर कुळथाची पिठी-भात घेऊन बसलेली. मी चार बांगडे खाल्ले. तिनं मोजले होते, हे शुक्रवारी कळलं.

शुक्रवारी निवतीचा किल्ला चढलो, वरून भोगव्याची अख्खी पुळण दिसते. शनिवारी होडीतून खाडीच्या मुखापर्यंत गेलो आणि फोटो काढले. सगळे काढतात तेच.

त्यातल्या त्यात सांगण्यासारखी म्हणजे निवतीच्या पुळणीवरची रापण. होडीतून जाळं अर्धगोल सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगांत माणसं ते ओढत मागं मागं जातात. मीही हात लावला. दहा मिनिटांत तळहात सोलवटले. जाळं आलं तर त्यात पेडवे, थोडे सौंदाळे आणि बराचसा कचरा. शेजारचा म्हातारा म्हणाला, पूर्वी एका ओढीत वाडीभर वाटे पडायचे. यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांवर सरकारनं २०१६ मध्ये बंधनं घातली, एलईडी दिवे लावून मासेमारीला २०१७ मध्ये बंदी आली, "पन रात्री बघा, समुद्रात दिवाळी." मला वाट्याला म्हणून चार पेडवे मिळाले. नको म्हणालो तर ते रागावले. दोर ओढला त्याला वाटा, यात नको-हो नसतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. शनिवारची संध्याकाळ.

खळ्यात एक लाल प्लास्टिकची खुर्ची होती. पहिल्या दिवसापासून ती मी बळकावली होती. समुद्राकडे तोंड, हातात चहा, पाय गडग्यावर. तिच्या दोन्ही हातांवर खालच्या बाजूनं पांढरे चरे पडलेले होते, खोल, एकाच जागी. मला वाटलं बकरी बांधत असतील. त्या खुर्चीत बसून मी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला लांबलचक मजकूर लिहिला. इथे हॉर्न नाही, धूळ नाही, प्लास्टिक नाही (हे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून), आणि शेवटी, "या घाटीला कधीच डांबर न लागो, इथे गाडी न येवो, हीच समुद्राला प्रार्थना!" सूर्यास्ताच्या दोन फोटोंसह पाठवला. रेंज नसल्यानं तो घड्याळाचं चिन्ह दाखवत तसाच अडकून राहिला.

काकी कपबशी न्यायला आल्या. मी अगदी कौतुकानं म्हटलं, "काकी, रस्ता झाला की हे सगळं जाणार बघा. नाही तेच बरं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता, पण एखादं पोर चुलीत हात घालायला निघालं की बघतात तसं. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमी बसलास ती खुर्ची बघलास?"

तीन वर्षांमागे, श्रावणात, काकांच्या छातीत दुखायला लागलं. पाऊस असा की घाटीचा व्हाळ, म्हणजे ओढा, झालेला. वाडीतली आठ माणसं आली, याच खुर्चीच्या हातांखालून दोन बांबू घातले, सुंभानं आवळले, काकांना ओढणीनं बांधलं आणि पाळीपाळीनं खांदा देत वर नेलं. सड्यापर्यंत तास गेला. तिथून परुळे, मग ओरोसचं जिल्हा रुग्णालय आणि रात्रीच गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल. इकडची अर्धी मोठी दुखणी गोव्यातच जातात. काका वाचले, स्टेंट पडला. डॉक्टरांनी चढ चढायचा नाही म्हणून सांगितलं. त्याच खुर्चीतून त्यांना खाली आणलं आणि तेव्हापासून काका वर गेलेले नाहीत. परुळ्याचा बाजार नाही, देवळातली जत्रा नाही. सहा महिन्यांनी दाखवायला या म्हटलं होतं. त्यासाठी परत आठ माणसं गोळा करायची, तर वाडीत आता आठ पुरुष एका वेळी असतात फक्त गणपतीत.

"खाली इलंय तो इलंय," काका पडवीतून म्हणाले. एवढंच.

मी खुर्चीतून उठलो. उठून बसणार कुठे, म्हणून उभाच राहिलो.

"मग रस्ता का होत नाही?" बायकोनं विचारलं. पाणंदीच्या योजनेतून पैसे मिळतात, ग्रामपंचायतीचा ठराव झालाय, मोजणीसुद्धा झाली. पण जमीन संमतीनं द्यायची असते, आणि घाटीवरची ती वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी, जमीन सामायिक. सातबाऱ्यावर एकतीस नावं. त्यातली अकरा वारलेली. मी आपला शहाणपणा करत म्हटलं, "म्हणजे वारसनोंदीचा घोळ."

"मेलेले आड येणत नाय," काकी म्हणाल्या, "जिते येतत." मेलेल्यांच्या पोरांनी सह्या दिल्या होत्या. अडलं होतं ते चार चाकरमान्यांवर. कुणी नाही म्हणत नव्हतं. एक म्हणायचा बघू, दुसरा म्हणायचा आधी हिस्से पाडा, तिसरा फोन उचलायचा नाही. चौथा दर मे महिन्यात इथे येऊन याच खळ्यात बसायचा आणि म्हणायचा, काय शांत आहे हो! मग वर आभाळाकडे हात करून काकी म्हणाल्या, "इमान इला, रिक्षा येणा नाय." चिपीचा विमानतळ याच परुळ्याच्या सड्यावर. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालं.

बायको हसली. माझ्याकडे बघून हसली, आणि का ते मला लगेच कळलं.

राजापूर तालुक्यात आमचंही गाव आहे. आहे म्हणजे सातबाऱ्यावर माझं नाव आहे, भावाच्या नावाच्या खाली. दोन वर्षांपूर्वी गणपतीला गेलो तेव्हा चुलतभावानं एक संमतीपत्र हातात दिलं होतं. वाडीच्या पाणंदीसाठी आमच्या वरकसातली दहा फूट पट्टी. त्या वरकसात आम्ही गेल्या वीस वर्षांत काय लावलं, तर काही नाही. ते कुठून कुठपर्यंत आहे हे मला दाखवता येणार नाही, भावालाही नाही. तरी भाऊ म्हणाला, "आधी नीट मोजणी होऊ दे," आणि मी म्हणालो, "बरोबर आहे." का बरोबर, ते विचाराल तर आजही उत्तर नाही. आपल्या सहीवाचून कुणाचं तरी अडतंय, यात एक बारीकसं सुख असतं, ते असावं. कागद टीव्हीखालच्या खणात, बंद पडलेल्या रिमोटांच्या सोबतीला आहे. चुलतभावानं सुरुवातीला चारदा विचारलं, मग थांबला. तिथल्या म्हाताऱ्यांना वर कसं नेतात हे मी त्याला कधी विचारलं नाही.

त्या रात्री जेवताना मी फारसं बोललो नाही. बायकोनं बांगडे खाल्ले, व्याजासकट.

रविवारी सकाळी निघताना काकींनी हिशेब दिला. कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं: तीन रात्री, जेवणं, चहा, आणि खाली "बॅग वर-खाली २००". पहिल्या क्षणी मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. मनात मी त्या रात्रीचं त्यांच्या मायेच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. बायकोनं पैसे मोजून दिले आणि म्हणाली, "वर न्यायचे वेगळे का नाही लावले? चढ आहे." त्यावर काकी पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.

बॅग पुन्हा त्यांच्याच डोक्यावर. माझ्या खिशात निखळलेलं चाक. खाली पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी ते पायरीवर ठेवलेलं होतं, काकांनी शोधून आणलं म्हणे, पडवीपासून जेमतेम दहा पावलांवर पडलेलं. मी पाच ठिकाणी थांबलो. त्या एकदाही नाही.

बेड्याशी पोचलो तसा खिशात फोन किणकिणला. रेंज आली होती. आणि शनिवारचा तो मजकूर, जो मी पार विसरून गेलो होतो, तो समुद्राच्या प्रार्थनेसकट आणि दोन सूर्यास्तांसकट ग्रुपवर गेला. पुसून टाकायला उघडला तोवर तिघांनी बघितला होता. आत्यानं हात जोडले होते. भावानं "मस्त!!" लिहिलं होतं. गावच्या चुलतभावानं नुसता अंगठा पाठवला होता.

ठाण्याला आल्यावर आठवडा गेला आणि मग मी त्याला फोन केला. खणातला कागद सापडलाय, सही करून पाठवतो, स्टँप पेपर शंभराचाच ना, असं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं. तो जरा थांबून म्हणाला, "शंभराचा होता तेव्हा तू केलं नाहीस. ऑक्टोबरपासून पाचशेचा झालाय."

पाचशेचा आणून ठेवलाय. भाऊ म्हणतो, आधी मोजणी होऊ दे.